रविवारचा गीझर

३ नोव्हेंबर, रविवार

पाठ धरली आहे. पालथा पडून लिहितोय, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

वॉशिंग मशीन. चौथा मजला, लिफ्ट नाही. वसिलाच्या घरी नवीन मशीन आलं. वसिला म्हणजे माझी बायको — होती, तीन वर्षांपूर्वीपर्यंत. आता ती अनीसची बायको आहे. मशीन त्या दोघांचं, पाठ तेवढी माझी.

अनीस हमाल बोलावणार होता. मी म्हटलं, मी असताना हमाल? तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पाठीत कट्‌कन आवाज आला आणि मी मशीनला मिठी मारून जिन्यातच बसलो. शेवटी हमाल बोलवावेच लागले. एक मशीनला, दोन मला.

इस्पितळात नर्सने विचारलं, पेशंटबरोबर कोण? वसिला पुढे झाली.

"तुम्ही पत्नी?"

"होते."

"आणि हे गृहस्थ?"

"हे माझे मिस्टर."

नर्सने पेन खाली ठेवलं. मग पडद्याआड जाऊन तिने डॉक्टरला काय सांगितलं ते कळलं नाही, हसू तेवढं ऐकू आलं. डॉक्टर म्हणजे पोरगीच, माझ्या निम्म्या वयाची. पण तिने सगळी हकीकत नीट विचारून घेतली. गोळ्या लिहून दिल्या, पंधरा दिवस वजन उचलू नका म्हणाली. मग कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला आणखी एक ओळ लिहिली — मानसोपचार.

"पाठ पंधरा दिवसांत बरी होईल," म्हणाली. बाकीच्याचं काही बोलली नाही.

४ नोव्हेंबर

हायेत येऊन गेली. थोरली बहीण, खालच्याच मजल्यावर राहते. हाताने पाठीला तेल चोळलं, तोंडाने मीठ. "दुसऱ्याच्या बायकोकडे लष्कराच्या भाकऱ्या भाजायला गेलास, आता भोग." कागदाची मागची बाजू तिने दोनदा वाचली आणि आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली. मी म्हटलं, मला काही वेड लागलेलं नाही.

"लागलं असतं तर बरं झालं असतं. घरी तरी बसला असतास."

१० नोव्हेंबर, रविवार

वजन उचलायचं नाही, असं डॉक्टर म्हणाली. गीझर काही उचलावा लागत नाही.

सकाळी दहाला वसिलाचा फोन. गीझर पेटत नाहीये, आई आंघोळीची थांबली आहे, पाठ बरी असेल तरच ये. पाठ बरी नव्हती. गेलो. बार्दोहून इझ्झहरापर्यंत, शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, दुकानाच्या व्हॅनच्या प्रत्येक धक्क्याला ओरडत गेलो.

हा गॅसचा गीझर मीच दिला आहे. लग्नाची भेट म्हणून. त्यांच्या लग्नाची. (हे वाक्य कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.) दोन वर्षं झाली, महिन्यातून तीन रविवार तरी तो रुसतो. चांगल्या कंपनीचा आहे. नशीबच म्हणायचं.

पाच मिनिटांचं काम होतं. अनीस बाजूला मान खाली घालून उभा. हा माणूस रेल्वेत सिग्नलच्या खात्यात आहे, अख्ख्या गाड्या थांबवतो आणि सोडतो, आणि घरच्या एका स्क्रूपुढे हात टेकतो! मी त्याला समजावून सांगतो, तो "हो भाऊ, हो भाऊ" करतो. पुढच्या रविवारी परत तेच.

मग वसिलाची आई, लल्ला मन्नूबिया, म्हणाली, आलाच आहेस तर बस जेवायला. कुसकुस, त्यावर भोपळा, हरभरे, कोकराचं मटण. दोन ताटं खाल्ली. लल्ला शेजारणींना सांगते, मला दोन जावई आहेत, एक जेवायला आणि एक कामाला. मी कामाचा. माझी छाती फुगते हे ऐकून — खोटं कशाला लिहू.

हायेतला सांगितलं नाही. तिला शर्टाच्या वासावरून कळलं.

१९ नोव्हेंबर

पहिला मनाचा डॉक्टर. हायेतने धाकच घातला म्हणून गेलो. लाफायेतमध्ये पाचवा मजला, पितळी पाटी. बाहेरच्या खोलीत सहा माणसं कोट घालून कुडकुडत बसलेली. एसी गरमवर लावलेला, हवा येतेय थंड. मी तिथल्या बाईंना म्हटलं, माझं एसी-फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे, सेन्सर निसटलाय, दोन मिनिटं द्या. दोनाची वीस झाली. माझं नाव पुकारलं तेव्हा मी स्टुलावर होतो. डॉक्टर स्वतः बाहेर आले, हात वर करून गरम हवा चाचपली. खूश.

आत विचारलं, काय त्रास आहे? मी म्हटलं, लोकांची कामं करत सुटतो, थांबता येत नाही.

"असे लोक राहिलेत कुठे आता," म्हणाले. आणि घरच्या एसीचं सांगायला लागले. बेडरूममधला. खरखर करतो.

शनिवारी जायचंय त्यांच्याकडे.

२३ नोव्हेंबर

गेलो. पंख्यात पाल अडकली होती. डॉक्टरांची बायको म्हणाली, तुमच्यासारखा माणूस घरात हवा. मी म्हटलं, होतो एका घरात.

२९ नोव्हेंबर

दुसरा. सी शेदली, म्हणजे शेदलीसाहेब. हे डॉक्टर नाहीत, समुपदेशक. खोलीत शिरल्याबरोबर मी आधी छताकडे पाहिलं — एसी नाही. हुश्श. मऊ खुर्ची, मऊ आवाज, टेबलावर कागदी रुमालांचा खोका. खोका बघून मनात म्हटलं, आपल्यावर ती वेळ यायची नाही.

नाही आली. त्यांच्यावर आली.

मी लग्नाच्या भेटीपर्यंत पोचलो होतो. त्यांनी चष्मा काढला. त्यांची बायको ऑगस्टमध्ये सोडून गेली, जाताना मांजर घेऊन गेली. बायकोचं एक वेळ सोसलं असतं, म्हणाले, पण मांजर. मी काय करणार? पाठ थोपटली, खाली जाऊन दोन कॉफ्या घेऊन आलो. तास संपला तेव्हा त्यांना बरंच बरं वाटत होतं.

६ डिसेंबर

परत सी शेदलींकडे. सकाळचं काही खात नाहीत म्हणून गरम लबलाबी, म्हणजे हरभऱ्याचं सूप, घेऊन गेलो, हरिसाची तिखट चटणी वेगळी बांधून. सगळं संपवलं. म्हणाले, तुमच्याशी बोललं की मन हलकं होतं. पुढच्या शुक्रवारी नक्की या.

रात्री जेवताना हायेतने विचारलं, मग तुला काय सांगितलं त्यांनी?

"मांजराचं नाव."

हायेतने घास खाली ठेवला. माझा फोन उचलला, सी शेदलींना लावला आणि माझ्यासमोर म्हणाली, माझा भाऊ बरा झालाय, आता यायचा नाही, अल्ला तुमचं भलं करो. फोन ठेवून माझ्याकडे एवढा वेळ बघत राहिली की मीच उठून भांडी घासली. पाठ दुखत असताना.

मधेच वाटलं, ते उद्या सकाळी काय खातील?

११ डिसेंबर, बुधवार

तिसरी. मादाम नजीबा. हायेत शिकवते त्या शाळेतल्या कुणाची तरी ओळख. हायेत दारापर्यंत सोडायला आली, पहिल्या दिवशी पोराला शाळेत सोडतात तशी.

साठीच्या बाई. केस पांढरे, रंगवलेले नाहीत. चहा विचारला नाही. मी नेलेली खजुराची पेटी दाराजवळच्या स्टुलावर ठेवायला लावली आणि म्हणाली, जाताना आठवणीने घेऊन जा.

आणि भिंतीवर एसी. आणि त्याची झडप — टक. थोडं थांबून टक-टक. आतला प्लॅस्टिकचा दाता झिजलाय. माझ्या व्हॅनमध्ये तसले चार दाते पडलेत.

तिने विचारलं, "सी रिधा, लक्ष कुठे आहे तुमचं?"

"झडपेकडे. पाच मिनिटांचं काम आहे मादाम, मी —"

"ती तशीच राहिली तर काय होईल?"

"आवाज येत राहील."

"आणि?"

"आणि काही नाही."

"मग ऐकू या."

पन्नास मिनिटं ऐकलं. मांड्यांखाली हात दाबून बसलो होतो. बाहेर आल्यावर हायेतने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. खरंच काही नाही. असला छळ मी सैन्यातसुद्धा सोसला नाही.

खजूर विसरलो नाही. तिने हाक मारून आठवण केली.

१५ डिसेंबर, रविवार

गीझर. बॅटरीची तार सुटली होती. कुसकुस. दोन ताटं. काही सांगण्यासारखं नाही.

१८ डिसेंबर

या रोगाला नाव आहे म्हणे. सहअवलंबन. ऐकायला सोसायटीच्या पाटीसारखं वाटतं — सहअवलंबन सहकारी संस्था मर्यादित. मी म्हटलं, सोपं करून सांगा.

"कुणाला तुमची गरज पडली की तुम्हाला वाटतं आपण आहोत. कुणालाच नाही पडली, की वाटतं आपण नाहीच."

"सगळ्यांनाच तसं वाटतं ना?"

"नाही," म्हणाली.

मला हे खरं वाटेना. घरी आल्यावर हायेतला विचारलं. चुलत्याला फोन करून विचारलं. चुलता म्हणाला, तुझी तब्येत बरी आहे ना?

गृहपाठ दिलाय. आठवड्यातून एकदा कुणाला तरी "नाही" म्हणायचं. छोटं चालेल.

२१ डिसेंबर

कॅफेवाल्याने विचारलं, साखर? मी म्हटलं, नाही.

बिनसाखरेची कॉफी कशीबशी प्यालो. त्याला वाईट वाटलं असेल म्हणून दुसरी घेतली. साखरेची.

२५ डिसेंबर

मादाम नजीबाने आज घटस्फोटाचं विचारलं. का झाला? मी म्हटलं, तिला विचारा. म्हणाली, ती इथे नाही, तुम्ही आहात. टक. टक-टक.

सांगितलं. इथेही लिहून ठेवतो, कारण सांगताना मला स्वतःलाच पहिल्यांदा ऐकू आलं.

अकरा वर्षांचं लग्न. मूल नाही. मी कधी तिला बाजारात पिशवी उचलू दिली नाही, बिल भरायला जाऊ दिलं नाही, दिवा बदलू दिला नाही. मित्र म्हणायचे, राणी करून ठेवलीस. एकदा मी कामाला सफाक्सला गेलो, दोन दिवस. परत आलो तर वसिला ओल्या केसांनी दारात उभी. हसत होती. म्हणाली, गीझर बंद पडला होता, मी एकटीने उघडला, साफ केला, पेटवला. मी म्हटलं, वा. आणि हत्यारं काढून आख्खा गीझर खोलला. तिने नीट बसवलाय की नाही ते बघायला. नीटच बसवला होता. तरी एकेक भाग पुसून मी परत बसवला. ती स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. हसू कधी गेलं ते मी पाहिलं नाही.

म्हणाली, "रिधा, मी एकोणचाळीस वर्षांची आहे. तू घरात असलास की मला हात आहेत हेच मी विसरते."

मला वाटलं, कौतुक करतेय. हायेतला, मित्रांना, अभिमानाने सांगत फिरलो. सहा महिन्यांनी कोर्टात गेली. तेव्हा अनीस नव्हता, कुणीच नव्हतं. मी किती शोधलं कुणी आहे का ते! कुणी असतं तर बरं झालं असतं.

रुमालांचा खोका मादामकडेही आहे. तिने तो माझ्या बाजूला जरासा सरकवला. मी म्हटलं, सर्दी झालीय.

३० डिसेंबर

काल रविवार. गीझर.

मादामला दलेंदाचं सांगितलं नाही अजून. ग्रंथालयातली दलेंदा, गेल्या वसंतात मी जिच्याबरोबर तीन महिने फिरायला जात होतो. हुशार, स्वतःची गाडी स्वतः धुणारी. एका रविवारी तिने मासे केले होते. ताट वाढलं आणि वसिलाचा फोन आला. मी म्हटलं, अर्ध्या तासात येतो. चार तासांनी आलो, पोट भरलेलं. ती शांतपणे म्हणाली, "माझ्याकडे दुरुस्त करण्यासारखं काही नाही ना, म्हणून तुला इथे करमत नाही."

मी तेव्हाही काय म्हटलं? म्हटलं, तुझ्या फ्रीजचा आवाज मला जरा बरा वाटत नाही.

८ जानेवारी

दलेंदाचं सांगितलं. फ्रीजच्या वाक्याला मादाम नजीबा हसली. पहिल्यांदा. मग मीही हसलो, इतका की पाठ परत धरली.

मग म्हणाली, आता मोठं "नाही" कधी? मी म्हटलं, कुणाला? तिने झडपेकडे पाहिलं. आज मला तिची टक-टक बराच उशिरा ऐकू आली होती, हे तेव्हा लक्षात आलं.

१२ जानेवारी, रविवार

लगेच लिहून टाकतो.

दहा वाजता फोन. "रिधा, गीझर पेटत नाहीये."

मी म्हटलं, "वसिला, मी येणार नाही."

ती म्हणाली, "बरं नाही का?"

"बरा आहे. येणार नाही. आज नाही, पुढच्या रविवारीही नाही. तुम्ही बघा."

पलीकडे तिने नाक ओढलं. मग "बरं" म्हणाली, आवाज कसातरीच, आणि फोन ठेवला. रडत होती. अकरा वर्षं ऐकलेला आवाज आहे, मला कळतं.

एक तास घरात फेऱ्या मारल्या. लल्ला पंचाहत्तर वर्षांची, जानेवारीचं गार पाणी! साडेअकराला व्हॅन काढली. रादेसच्या पुलाअलीकडे थांबलो. पुलाखाली एक माणूस ट्यूना मासा भरलेले कस्क्रूत पाव विकतो, एक घेतला, सीटवर बसून खाल्ला. तेल सगळं शर्टावर. पुलापलीकडे इझ्झहरा. दुसरा कस्क्रूत घेतला. तो संपल्यावर व्हॅन वळवली आणि घरी आलो.

हायेतला सांगितलं. ती होती तिथेच खुर्चीवर बसली. मग उठून माझ्या कपाळाचा मुका घेतला. आई गेल्यापासून घेतला नव्हता.

मी मात्र दिवसभर एका म्हातारीला गार पाण्याने आंघोळ घालत होतो. मनात.

१५ जानेवारी

मादाम नजीबाला सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "मग दुपारी काय केलंत?"

"झोपलो."

"छान झोप लागली?"

लागली होती. ते सांगायची लाज वाटली.

१९ जानेवारी, रविवार

फोन वाजला नाही. दहा, अकरा, बारा. फोन चालू आहे ना हे बघायला हायेतला माझ्या नंबरवर फोन करायला सांगितला. चालू आहे.

अंडी तळली. करपली. खाल्ली.

२० जानेवारी

इझ्झहराहून काही नाही. दुकानात दोन एसी, एक फ्रीज. त्यांना माझ्यावाचून जमतंय, असं दिसतंय. जमतंय याचा आनंद व्हायला हवा ना? मादामला विचारायचं.

२२ जानेवारी

सकाळी अनीस दुकानात आला. एकटाच. कामावर जायच्या आधी, रेल्वेच्या कोटात. बसला नाही. म्हणाला, भाऊ, वसिलाने सांगू नको म्हटलंय, पण मला राहवत नाही. त्या दिवशी तू नाही म्हणालास आणि ती रडली, ती आनंदाने. आईला जाऊन मिठी मारली, म्हणाली, सुटला गं तो.

मी म्हटलं, आणि गीझर?

गीझरला काही झालेलंच नव्हतं, म्हणाला. शनिवारी संध्याकाळी एखादा स्क्रू नाहीतर तार अनीस स्वतःच सैल करून ठेवायचा. दोन वर्षं. वसिला म्हणायची, नाहीतर रविवारी तो जेवतच नाही, नुसता बोलावलं तर यायचा नाही.

"सगळ्या वेळा?" मी विचारलं.

त्याने खरंच आठवून पाहिलं. म्हणाला, "मार्चमधला नळ खरा होता."